तानसाचा पाया आणि पुढची पन्नास वर्षं

अंधेरीचा गोखले पूल २६ फेब्रुवारी २०२४ रोजी अर्धा खुला झाला, तेव्हा त्याला येऊन मिळणारा बर्फीवाला उड्डाणपूल दीड-दोन मीटर खाली राहिलेला सगळ्या शहराने पाहिला. त्या फोटोंची भरपूर थट्टा झाली. मला त्यात थट्टा करण्यासारखं काही दिसलं नाही. दोन्ही पूल आपापल्या काळाच्या नियमाप्रमाणे बांधले होते. बर्फीवाला उभा राहिला तेव्हा जुन्या गोखलेची उंची ठरलेली होती. मधल्या काळात रुळांच्या वर किती मोकळी जागा सोडायची, याचा रेल्वेचा नियम बदलला आणि नवा गोखले त्या नियमाप्रमाणे उंच झाला. नियम बदलला, शेजारचा पूल उचलावा लागला, तर काय करायचं, हे बर्फीवाला आखताना कुणाच्या डोक्यात आलं नसेल. गोखले पाडायचं ठरलं तेव्हा मात्र ते यायला हवं होतं. शेवटी जॅक लावून बर्फीवाला उचलला गेला आणि जुलै २०२४ मध्ये दोन पूल जोडले गेले.

पूल शंभर वर्षं टिकावा म्हणून बांधतात. ज्या अंदाजांवर तो बांधतात, ते पंधरा-वीस वर्षंही टिकत नाहीत. रस्ते, बंदरं, धरणं, वीजकेंद्रं, रेल्वेमार्ग या सगळ्यांचं दुखणं हेच आहे, आणि आपल्या देशात त्याची चर्चा जवळजवळ होत नाही. चर्चा होते ती दोनच गोष्टींची: खर्च किती वाढला आणि काम कधी पूर्ण होणार. २०१९-२० ते २०२४-२५ या काळासाठी १११ लाख कोटी रुपयांच्या पायाभूत सुविधांची राष्ट्रीय यादी जाहीर झाली. आता २०४७ चं लक्ष्य समोर ठेवलं जातं. एवढा पैसा ज्या भविष्याच्या भरवशावर घालायचा, ते भविष्य तसं आलंच नाही तर काय, हा प्रश्न प्रकल्प अहवालाच्या कुठल्याच पानावर नसतो. माझं म्हणणं असं की प्रकल्पाची पारख त्याच प्रश्नावर व्हायला हवी. अंदाज किती अचूक आहे यापेक्षा तो चुकला तर दुरुस्तीला जागा ठेवली आहे का, हे आधी पाहावं.

मुंबईइतके अंदाज दुसऱ्या कुठल्या भारतीय शहराने खोटे पाडले नसतील. नव्वदच्या दशकात संयुक्त राष्ट्रांचा कयास होता की २०१५ पर्यंत मुंबई महानगराची लोकसंख्या अडीच कोटींच्या पुढे जाईल. २०११ च्या जनगणनेत ती १ कोटी ८४ लाख भरली. त्याहून बोलकी गोष्ट शहराच्या आतली आहे. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या मुंबई शहर जिल्ह्यात २००१ साली ३३ लाख ३८ हजार माणसं होती, २०११ साली ३० लाख ८५ हजार. जुनी मुंबई आकसली आणि माणसं ठाणे, कल्याण, वसई-विरारकडे सरकली. पाणी, मलनिस्सारण, शाळा, दवाखाने यांची आखणी दहा-वीस वर्षं आधी होते. त्या आखणीत शहर वाढतच जाणार हे गृहीत धरलेलं असतं.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. १९६० च्या दशकात मंजूर झालेल्या पहिल्या विकास आराखड्यात गिरण्या बंद पडतील आणि त्यांच्या जागी काचेचे टॉवर उभे राहतील, असं लिहिणं कुणालाही शक्य नव्हतं. त्याबद्दल त्या नियोजनकारांना बोल लावता येणार नाही. पण नंतर काय झालं ते बघा. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचा मार्ग मोकळा केला, २००१ मध्ये त्या नियमात बदल झाला, आणि परळ-लोअर परळमध्ये हजारो लोकांची कार्यालयं भराभर उभी राहिली. म्हणजे नवं भविष्य नजरेसमोर घडत होतं, सरकारी सहीने घडत होतं. एल्फिन्स्टन रोड स्थानकाचा पादचारी पूल मात्र गिरणगावाच्या काळात होता तसाच, तेवढाच अरुंद राहिला. २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी पाऊस आला, माणसं जिन्यावर थबकली, मागून लोंढा येतच राहिला, आणि २३ माणसं गेली. लष्कराने पुढच्या काही महिन्यांत नवा पूल बांधून दिला. इतक्या लवकर होण्यासारखं हे काम होतं, हेच मला सर्वांत जास्त टोचतं. त्या दुर्घटनेला दूरचं भविष्य न दिसणं कारणीभूत नव्हतं. बदललेलं वर्तमान पाहून जुन्या आकड्याचा फेरविचार करण्याची जबाबदारी कुणाकडेच नव्हती. जमिनीचा वापर बदलायचा अधिकार एका खात्याचा, पूल दुसऱ्याचा, आणि दोघांच्या मध्ये सांगणारं कुणी नाही की बाबांनो, इथे आता गर्दी वेगळी आहे.

काही निर्णय तर इतके खोल रुजतात की पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याभोवतीच काम करावं लागतं. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटी ते कुर्ला अशी देशातली पहिली विजेची गाडी धावली ती १५०० व्होल्ट डीसी प्रवाहावर. त्या वेळी तंत्रज्ञान तेच होतं आणि निवड योग्यच होती. पुढे पन्नासच्या दशकात जगात २५ हजार व्होल्टचा एसी प्रवाह रुळला आणि भारतीय रेल्वेनेही तोच स्वीकारला. कमी व्होल्टेजला तेवढीच ताकद देण्यासाठी प्रवाह खूप जास्त लागतो, म्हणून तारा जाड आणि उपकेंद्रं जवळजवळ. गाड्या वाढल्या, डबे नवाचे बारा झाले, की हा सगळा भार अंगावर येतो. तरीही मुंबईची लोकल जुन्याच प्रवाहावर चालत राहिली, कारण बदलायचं म्हणजे रोज लाखो माणसं वाहणारी गाडी न थांबवता तिची वीज बदलायची. वरच्या तारा आणि जुने पूल यांच्यामध्ये पुरेसं अंतर नाही, म्हणून कुठे रूळ खाली घ्यायचे, कुठे पूल पाडायचा. सँडहर्स्ट रोडजवळचा हँकॉक पूल जानेवारी २०१६ मध्ये गेला, त्यामागे हेही एक कारण होतं. पश्चिम रेल्वेचं काम २०१२ मध्ये संपलं, मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गाचं २०१५ मध्ये, हार्बरचं एप्रिल २०१६ मध्ये. १९२५ च्या एका निवडीने ९१ वर्षं हिशेब मागितला.

हा बदल ज्या रीतीने केला, तिचं कौतुक व्हायला हवं. रेल्वेने दोन्ही प्रवाहांवर चालणाऱ्या गाड्या आधी आणल्या. त्यामुळे एकेक पट्टा बदलत गेला, अर्धा मार्ग नवा आणि अर्धा जुना असताना गाडी मध्ये कुठेही उतरायला न लावता धावत राहिली, आणि एखादा पट्टा रखडला म्हणून बाकीचं काम अडलं नाही. एका रविवारी सगळं बदलून टाकू, असा हट्ट धरला असता तर आजही आपण त्या रविवारची वाट बघत असतो.

पण दूरदृष्टी कशाला म्हणायची, याचा मला माहीत असलेला सर्वांत चांगला दाखला रेल्वेतला नाही, शहापूर तालुक्यातला आहे. तानसा धरण १८९२ मध्ये पूर्ण झालं. मुंबईला पाणी देणारा विहार तलाव १८६० चा, तुळशी १८७९ चा, आणि तेवढ्याने भागत नाही हे लवकरच कळून आलं होतं. तानसाची दगडी भिंत जवळपास पावणेतीन किलोमीटर लांब आहे. ती बांधली ११८ फूट उंचीची. तिचा पाया आणि तळाची रुंदी मात्र १३५ फुटांची भिंत पेलेल अशा हिशेबाने घातली होती. तेवढी उंची त्या दिवशी लागत नव्हती, तेवढं पाणी शहर पिणार होतं की नाही हे ठाऊक नव्हतं, आणि उंच भिंतीचा पैसाही त्या दिवशी घालायचा नव्हता. म्हणून भिंत गरजेपुरती बांधली आणि पाया पुढच्या पिढीसाठी रुंद ठेवला. धरण वाढत्या अंगाचं बांधलं. पुढे १९१५, १९२५ आणि १९४८ अशा टप्प्यांनी तानसाचं पाणी वाढवत नेता आलं.

या निर्णयात भविष्याचं भाकीत नाही, हे नीट लक्षात घ्यायला हवं. १८९२ च्या अभियंत्यांनी १९४८ ची मुंबई ओळखली नव्हती. त्यांनी एवढंच ओळखलं की नंतर बदलता येणार नाही अशी गोष्ट पाया आहे, आणि नंतर सावकाश ठरवता येईल अशी गोष्ट उंची आहे. जे पुन्हा करता येणार नाही त्यात हात सैल सोडला आणि जे टप्प्याने करता येतं त्यात राखून ठेवलं. लोकसंख्या वाढली नसती तरी फार पैसा बुडाला नसता, आणि वाढली तेव्हा नवी भिंत पहिल्यापासून उभी करावी लागली नाही. (एक गोष्ट मात्र त्या आखणीत नव्हती आणि ती अजूनही आपल्या आखणीत नाही. ज्या शहापूर तालुक्यातून मुंबईचं पाणी येतं, त्याच्या पाड्यांवर आजही उन्हाळ्यात टँकर जातात. दूरदृष्टी कुणासाठी, हा प्रश्न या विषयातून वगळता येत नाही.)

याच्या अगदी उलट टोकाला दाभोळचा एन्रॉन वीजप्रकल्प आहे. जून १९९२ मध्ये सामंजस्य करार झाला, आणि त्यामागे एकच भविष्य गृहीत धरलेलं होतं: महाराष्ट्राची विजेची मागणी झपाट्याने वाढत जाईल आणि महाग वीजही खपेल. जागतिक बँकेने त्याच वेळी सांगितलं होतं की हा प्रकल्प फार मोठा आहे, त्याची वीज महाग पडेल आणि कोळशावरची स्वस्त वीज त्यापायी बंद ठेवावी लागेल. बँकेने पैसे दिले नाहीत, प्रकल्प मात्र पुढे गेला. अंदाज चुकणं ही तक्रार नाही. तक्रार कराराच्या बांधणीबद्दल आहे. वीज घ्या अगर न घ्या, क्षमतेचे पैसे द्यायचे. दर डॉलरशी जोडलेला, म्हणजे रुपया घसरला की बोजा आपल्यावर. मागणी कमी पडली, इंधन महागलं, रुपया पडला, यांपैकी काहीही झालं तरी सगळा धोका वीज मंडळाच्या, म्हणजे तुमच्या-माझ्या माथी. १९९५ च्या सत्ताबदलानंतर प्रकल्प रद्द झाला, फेरवाटाघाटी झाल्या आणि तो आणखी मोठा होऊन परतला. मे १९९९ मध्ये ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा सुरू झाला आणि मे २००१ मध्ये मंडळाने वीज घेणं थांबवलं. माधव गोडबोले समितीने या व्यवहाराची चिरफाड केली, ती आजही प्रत्येक प्रशिक्षणार्थी अधिकाऱ्याने वाचावी अशी आहे. तानसात उंचीचा निर्णय पुढच्या पिढीकडे मोकळा ठेवला होता. दाभोळमध्ये पुढच्या सरकारचे हात आधीच बांधून टाकले होते.

मुंबईकरांना या सगळ्याचा रोजचा अनुभव येतो तो पावसाळ्यात. शहराच्या जुन्या पर्जन्यजल वाहिन्या ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेल्या होत्या, त्याही ओहोटीची वेळ धरून. १९८५ च्या पुरानंतर अभ्यास सुरू झाला, १९९३ मध्ये या वाहिन्या सुधारण्याच्या ब्रिमस्टोवॅड योजनेचा अहवाल आला आणि त्याने ताशी ५० मिलिमीटरचं नवं माप सुचवलं. अहवाल बारा वर्षं फारसा हलला नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्याच दिवशी कुलाब्याला पाऊणशे मिलिमीटरही झाला नाही. त्या दुपारी काही तास पाऊस ताशी शंभर मिलिमीटरच्या पुढे होता, आणि वर भरती. त्यानंतर ब्रिमस्टोवॅड कपाटातून बाहेर आला. साचलेलं पाणी पंपांनी उपसणाऱ्या आठ उदंचन केंद्रांपैकी हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया आणि गझधरबंध ही सहा २०११ ते २०१९ च्या दरम्यान सुरू झाली. मोगरा आणि माहुल जागेच्या वादात अडकून राहिली.

केंद्रं झाली ते चांगलंच झालं, त्यांच्यामुळे कितीतरी भागांत पाणी लवकर ओसरतं. पण १९९३ च्या मापाने २०१९ चं केंद्र सुरू करताना ते माप अजून लागू आहे का, हे विचारण्याची कुठलीही बांधलेली वेळ नव्हती. समुद्राची पातळी चढते आहे, पाऊस थोड्या तासांत कोसळतो आहे, आणि २०२५ मध्ये मोसमी पाऊस २६ मे रोजीच मुंबईत दाखल झाला, नोंदी पाहता १९५० पासून कधीही इतक्या लवकर आला नव्हता. त्या दिवशी वरळीच्या आचार्य अत्रे चौक मेट्रो स्थानकात पाणी शिरलं. स्थानक सुरू होऊन जेमतेम पंधरवडा झाला होता आणि एका प्रवेशद्वाराचं काम अजून चालू होतं. काम जूनच्या आत संपवायचं, हे कंत्राटदाराच्या वेळापत्रकात बसत होतं. पाऊस जूनमध्ये येतो, ही आपल्या सगळ्या वेळापत्रकांतली न लिहिलेली अट आहे, आणि ती अट आता पाऊस पाळत नाही.

अशा वेळी आणखी मोठा पाइप हे उत्तर पुरत नाही, कारण कितीचा पाइप हे सांगणारा आकडाच हलतो आहे. दादर-परळजवळच्या, दरवर्षी पाणी तुंबणाऱ्या हिंदमाताला पालिकेने वेगळी वाट धरली. सेंट झेवियर मैदान आणि प्रमोद महाजन उद्यान यांच्या खाली मोठ्या टाक्या बांधल्या. भरती असेपर्यंत पाणी तिथे साठवायचं, ओहोटी लागली की सोडायचं. वर मैदान मैदानच राहतं. हा उपाय अपुरा पडला तर दुसऱ्या मैदानाखाली आणखी एक टाकी बांधता येते, आणि गरज नसली तर थांबता येतं. शहराला सवय लावायला हवी ती अशा कामांची: लहान, लवकर होणारी, एकावर एक चढवता येणारी. आणि सर्वांत स्वस्त सोय तर आपण हातानेच घालवली. मिठीच्या काठची खाजणं भरून वांद्रे-कुर्ला संकुल उभं केलं, विमानतळाच्या धावपट्टीखालून नदीला वळवलं. मिठागरं आणि तिवरांची जंगलं हा या शहराचा राखून ठेवलेला पाया होता. पाऊस किती येईल हे माहीत नसताना पाण्याला पसरायला मोकळी जागा असणं, याहून मोठा विमा नाही. आज उरलेल्या मिठागरांवर घरबांधणीचे प्रस्ताव येतात तेव्हा किंमत फक्त चौरस मीटरची मोजली जाते.

जमीन राखून ठेवण्याचा चांगला अनुभवही आपल्याच खाडीपलीकडे आहे. नवी मुंबईची आखणी सत्तरच्या दशकात झाली तेव्हा रेल्वे कधी येईल याची खात्री नव्हती. तरी तिथल्या नोडमधून, म्हणजे आखलेल्या वसाहतींमधून, रेल्वेसाठी पट्टा मोकळा ठेवला गेला. मानखुर्दहून वाशीला लोकल गेली ती १९९२ मध्ये. वीस वर्षं ती जमीन रिकामी दिसत होती आणि तिच्यावर डोळा ठेवणारे कमी नसणार. ती राखली म्हणून तिथली स्थानकं मुंबईतल्या कुठल्याही स्थानकापेक्षा ऐसपैस आहेत.

मोठं आणि न बदलता येणारं काम करायचंच नाही, असं माझं म्हणणं नाही. कुलाबा ते आरे ही ३३.५ किलोमीटरची भुयारी मेट्रो तुकड्यातुकड्याने गरज पाहून खणता आली नसती, आणि ती लागतच होती. पण भुयाराच्या टोकाला उतरलेल्या माणसाला घरापर्यंत नेणारी बस कमी करत जायचं, हे उलट्या दिशेने चालणं आहे. ३१ मार्च १९६४ रोजी ट्राम बंद झाली तेव्हा तिचे रूळ रस्त्यात गाडलेले होते. बसचा मार्ग उद्या सकाळी बदलता येतो. नवं कार्यालय कुठे उघडलं, वस्ती कुठे सरकली, त्याप्रमाणे बस सरकते. अनिश्चित भविष्यासाठी इतकं योग्य साधन दुसरं नाही, आणि एके काळी चार हजारांच्या पुढे असलेला बेस्टचा ताफा आता तीन हजारांच्याही खाली आला आहे. त्याच काळात मोनोरेल आली. २०१४ मध्ये सुरू झाली, गाड्या पुरवणारी परदेशी कंपनी बाजूला झाल्यावर सुट्या भागांची रड झाली, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सुधारणांसाठी सेवा थांबवावी लागली. जगात थोडक्यांकडेच असलेलं तंत्र घेतलं की पुरवठादार गेल्यावर दुसरा मिळत नाही. लोकलच्या बाबतीत हा प्रश्न कधी आला नाही.

यावर एक आक्षेप नेहमी येतो: भविष्य कळत नाही म्हणत बसलं तर काहीच बांधून होणार नाही. आक्षेप खोटा नाही. मुंबईतून न्हावा-शेव्याला जाणाऱ्या सागरी पुलाची कल्पना साठच्या दशकापासून होती आणि अटल सेतू १२ जानेवारी २०२४ रोजी खुला झाला. सहा दशकांच्या त्या दिरंगाईला कुणी लवचिकता म्हणू नये. निर्णय टाळणं आणि निर्णय टप्प्यांत घेणं यांत फरक आहे. तानसाची पहिली ११८ फूट भिंत कुणी पन्नास वर्षं लांबवली नव्हती. टप्प्याने घेतलेल्या निर्णयाची पुढची तारीख आणि पुढची अट आधीच लिहिलेली असते.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो सरकारी अधिकारी खासगीत बोलतात. रुंद पाया आज महाग पडतो. आज न लागणाऱ्या क्षमतेवर पैसा घातला तर उद्या लेखापरीक्षक विचारणार, हा अनावश्यक खर्च कशासाठी? आणि सगळ्यांत कमी दराची निविदा निवडायची पद्धत असल्यावर राखून ठेवलेल्या सोयीला कुणी गुण देत नाही. हे खरं आहे, म्हणूनच नुसतं सदिच्छेने भागणार नाही. निविदेच्या आणि लेखापरीक्षणाच्या नियमातच ही गोष्ट यायला हवी. प्रकल्प अहवालात गृहीतकांचं एक पान असावं: किती माणसं, किती गाड्या, ताशी किती पाऊस, विजेचा दर काय, समुद्राची पातळी किती धरली. प्रत्येक आकड्याखाली लिहावं की तो चुकला तर प्रकल्पात काय बदलेल आणि त्यासाठी आज कोणती सोय ठेवली आहे. ते पान सार्वजनिक असावं. आणि ते तपासणारी माणसं प्रकल्प बांधणाऱ्या खात्यातली नसावीत.

हे कागदी स्वप्न नाही. लंडनला टेम्स नदीच्या मुखाच्या पूरसंरक्षणासाठी २०१२ मध्ये इ. स. २१०० पर्यंतचा आराखडा झाला. त्यात शंभर वर्षांचं एकच उत्तर दिलेलं नाही. समुद्र कितीने चढला की कोणतं काम हाती घ्यायचं, याच्या वाटा आखल्या आणि ठरावीक काळाने मोजमाप करायचं बंधन घातलं. दहा वर्षांच्या फेरआढाव्यात दिसलं की पाणी अंदाजापेक्षा लवकर चढतं आहे. तेव्हा नदीच्या वरच्या भागातल्या भिंती उंचावण्याची मुदत त्यांनी २०६५ वरून २०५० वर आणली. आकडा चुकला, हे जाहीर करून मुदत बदलणं तिथे नेहमीचं काम झालं, त्यात कुणाची नामुष्की झाली नाही. आपल्याकडे चुकलेला आकडा लपवावा लागतो, कारण त्याची कबुली देण्याची जागाच आपण ठेवलेली नाही. मुंबईचा २०३४ पर्यंतचा विकास आराखडा ज्या जनगणनेवर उभा आहे ती २०११ ची. २०२१ ची जनगणना झालीच नाही, पुढची २०२७ मध्ये आहे. तिचे आकडे हातात येतील तेव्हा आराखड्याचा बराचसा काळ सरलेला असेल. ते आकडे आराखड्याशी ताडून कोणती आरक्षणं बदलायची, हे ठरवायची तारीख आजच जाहीर करता येईल.

आणि देशाचा सर्वांत मोठा ताजा डाव तर आपल्या उत्तरेला, डहाणूजवळ वाढवणला लागला आहे. जून २०२४ मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या या बंदराचा खर्च ७६ हजार २२० कोटी रुपये आहे. सुमारे १४५० हेक्टर समुद्रात भराव, दहा किलोमीटरहून लांब लाटरोधक भिंत, नऊ कंटेनर टर्मिनल, वर्षाला २ कोटी ३२ लाख वीसफुटी कंटेनरांची क्षमता. खोल पाण्याची इतकी चांगली जागा या किनाऱ्यावर क्वचितच आहे आणि मोठी जहाजं आणायची तर बंदर लागेल, हा सरकारचा मुद्दा मला पटतो. पण येत्या तीस वर्षांत जगाचा व्यापार कोणत्या वाटेने जाईल, कारखाने कुठे सरकतील, हे दिल्लीत, मुंबईत, सिंगापुरात कुणालाही माहीत नाही. आणि इथली बदलता न येणारी गोष्ट अगदी स्पष्ट आहे. एकदा भराव पडला की ती मासेमारीची जागा गेली. डहाणू तालुका १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित आहे, आणि वाढवणच्या पहिल्या प्रस्तावाला तिथल्याच प्राधिकरणाने १९९८ मध्ये नकार दिला होता. तिथले मच्छीमार जे सांगत आहेत, ते ऐकायला जास्तीचं कुठलंही शास्त्र लागत नाही.

म्हणून वाढवणच्या बाबतीत मागणी नेमकी करावी. प्रकल्प टप्प्यांचाच आहे. मग पहिल्या टप्प्यापलीकडचा भराव न्हावा-शेव्याचं जवाहरलाल नेहरू बंदर आणि वाढवण मिळून प्रत्यक्ष किती कंटेनर हाताळतात यावर अवलंबून ठेवावा, तो आकडा आजच जाहीर करावा, आणि सलग काही वर्षं तो गाठल्याशिवाय पुढचा समुद्र भरू नये. तो आकडा गाठला की नाही हे ठरवणाऱ्या मंडळावर बंदर प्राधिकरणाच्या माणसांबरोबर पालघर जिल्ह्यातल्या मच्छीमार सहकारी संस्थांची माणसं बसावीत, आणि त्यांचा निर्णय दोन्ही सरकारांवर बंधनकारक असावा.